वीस हजारांचा समाज आणि कोट्यवधींचं गाणं

पाच कोटी. बिंग क्रॉस्बीने 1942 मध्ये गायलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’ या एका गाण्याच्या एवढ्या प्रती खपल्याचा गिनीज बुकचा अंदाज आहे. प्रत्येक प्रत म्हणजे जुनी दहा इंची तबकडी धरली आणि सगळ्या तबकड्या एकीला एक चिकटवून ओळीत मांडल्या, तर ती ओळ साडेबारा हजार किलोमीटरांच्या पुढे जाईल. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण तेवढंच आहे.

नाताळचं हे गाणं लिहिणारा आणि त्याला चाल लावणारा माणूस ज्यू होता. आयर्व्हिंग बर्लिन 1893 मध्ये रशियातून अमेरिकेत आला, तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला स्वरलिपी नीट लिहिता-वाचता येत नसे, पियानोही तो बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा. तरीही त्याच्या नावावर सुमारे दीड हजार गाणी आहेत. रोज एक ऐकायचं ठरवलं तरी चार वर्षं पुरतील. तो स्वतः 101 वर्षं जगला.

जॉर्ज गर्श्विन मात्र 38 व्या वर्षीच गेला. त्याच्या 1935 च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातलं ‘समरटाइम’ पंचवीस हजारांहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित झालं आहे. एका ध्वनिमुद्रणाला तीन मिनिटं धरली, तर ती सगळी ऐकायला रात्रंदिवस 52 दिवस लागतील. ज्यू संगीतकारांच्या याच मांदियाळीत जेरोम कर्न, रिचर्ड रॉजर्स आणि हॅरोल्ड आर्लन येतात. पुढे रॉबर्ट झिमरमन, म्हणजे बॉब डिलन, आला आणि 2016 मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. अमेरिकेत ज्यूंचं प्रमाण आजही शंभरात दोनच्या आसपास आहे.

इतक्या थोड्या लोकांकडून हे घडलं कसं? 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातले वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत पोचले. प्रतिष्ठेच्या अनेक धंद्यांची दारं त्यांना बंद होती. छापील गाणी विकण्याचा धंदा मात्र नवा होता. त्यात वाडवडिलांची पेढी लागत नव्हती, कान लागत होता. बर्लिन आणि आर्लन या दोघांचेही वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. शेजारच्या वस्त्यांतून कृष्णवर्णीयांचं रॅगटाइम, ब्लूज आणि जॅझ कानावर येत होतं. त्या संगीताचं ऋण या संगीतकारांवर फार मोठं आहे. ते वजा केलं तर यातली बरीच गाणी उभीच राहणार नाहीत.

आता आपल्याकडचा आकडा पाहू. चौदा. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आख्यायिका सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ मराठी बोलू लागले. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे देशातल्या अठरा हजार माणसांत एक. 2011 च्या जनगणनेत एकट्या आमच्या बेळगाव शहराची वस्ती 4 लाख 88 हजार आहे. देशातला हा सगळा समाज शहरातल्या आपल्या अनगोळ-टिळकवाडीच्या पट्ट्यात सहज मावला असता.

याच समाजातले जोसेफ डेव्हिड पेणकर पारशी रंगभूमीसाठी नाटकं लिहीत. त्यांच्या नाटकावरून अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ काढला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला. भारताचा हा पहिला बोलपट, आणि त्यात सात गाणी होती. हिंदी सिनेमाने गाण्याची सोबत तेव्हापासून सोडलेली नाही.

आणखी एक ज्यू तर अनगोळच्या घराघरात पहाटे येत असे. आकाशवाणीची सभा सुरू होण्याआधी वाजणारी ती शिवरंजनीच्या अंगाची धून वॉल्टर कॉफमनची मानली जाते. कार्ल्सबादमध्ये जन्मलेला हा संगीतकार 1934 मध्ये मुंबईत आला आणि तिथल्या रेडिओवर संगीताचं काम पाहू लागला. काही सेकंदांची ही धून 1936 च्या सुमाराची, म्हणजे 32 हजारांहून अधिक पहाटा तिने पाहिल्या. देशातली 99 टक्के लोकसंख्या आपल्या टप्प्यात आहे, असं आकाशवाणी सांगते. धारवाड केंद्र लावणारे आपले आजोबा त्या टप्प्यातलेच. ही धून कोणाची, हे ठाऊक नसतानाही ती ओळखणाऱ्यांची गणती करायची तर कोटीच्या खाली येताच येणार नाही.

बेळगावच्या या मराठी-कन्नड सीमाभागात हे हिशेब मला फार मोलाचे वाटतात. इथे कोणत्या गावात कोणत्या भाषेची किती टक्के माणसं, यावर पिढ्या झगडल्या. तो झगडा हक्काचा आहे आणि त्यात डोकी मोजावीच लागतात. पण समाजाचा आवाज किती दूर जाईल, हे शिरगणती सांगत नाही. मराठी संगीत रंगभूमीला 1880 मध्ये ‘शाकुंतल’ देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणसाने त्यांना आपलं मानलं ते गाण्यामुळे. म्हणून आपण थोडे आहोत असं वाटणाऱ्या प्रत्येक भाषेने आणि समाजाने आपल्या मुलांना गाणं जरूर शिकवावं. संख्येच्या बळावर न मिळणारी माणसं गाण्याने जोडता येतात.