नीलम : कुरुंदाचे निळे रूप

शिकलगाराच्या चाकातला कुरुंद आणि अंगठीतला नीलम हे मुळात एकच खनिज आहे. ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून ते बनते. मोहच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक ९, त्याच्या वर फक्त हिरा. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात लोह आणि टायटॅनिअम यांचा अत्यल्प अंश मिसळला की नीलम होतो, क्रोमिअम मिसळले की माणिक. सराफाकडचा पिवळा पुष्कराज हाही बहुधा याच कुळातला.

कुरुंद तयार होण्यासाठी खडकात ॲल्युमिना (ॲल्युमिनिअमचे ऑक्साईड) मुबलक आणि सिलिका कमी लागते. सिलिका भरपूर असली, तर ॲल्युमिना तिच्याशी जोडली जाते आणि अभ्रक, फेल्डस्पार, कायनाईट, सिलिमनाईट अशी खनिजे बनतात. मध्य भारतातले खडकच पाहा. भूशास्त्रात ‘सौंसर समूह’ म्हणून ओळखले जाणारे खडक मध्य प्रदेशातल्या सौंसरपासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरले आहेत. वाळू, चिखल आणि चुन्याचे प्राचीन थर उष्णतेने व दाबाने बदलून ते बनले. त्यांची खरी दौलत मँगनीज. भंडारा जिल्ह्यातल्या पोहरा भागात मात्र कायनाईट आणि सिलिमनाईटबरोबर कुरुंदही आढळतो. रत्नाला लागणारी पारदर्शकता नसलेला असा कुरुंद घासकामाला उपयोगी पडतो.

भारतातला सर्वांत नावाजलेला नीलम काश्मीरचा. किश्तवाडमधील पाडर भागात सुमारे ४,५०० मीटर उंचीवर १८८०च्या दशकात तो सापडला. त्याच्या मखमली निळाईला आजही तोड नाही. पण मुख्य साठा काही वर्षांतच संपला. आज बाजारात श्रीलंका आणि मादागास्करचे खडे अधिक दिसतात. श्रीलंकेच्या रत्नपुरा भागात ते नदीगाळाच्या थरांतून चाळून काढतात.

नीलम हे शनीचे रत्न. बल नावाच्या असुराच्या डोळ्यांपासून इंद्रनील निपजला, अशी कथा गरुडपुराणात आहे. साडेसातीत नीलम मधल्या बोटात घालतात. तो ‘लाभतो’ की नाही हे पाहायला आधी काही रात्री उशाखाली ठेवतात. ज्यांना खडा परवडत नाही किंवा धाडस होत नाही, ते मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ वाहतात. सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमानाच्या दर्शनासाठी शनिवारी रीघ लागते. यामागे श्रद्धा आहे. खड्यामुळे नशीब पालटते याला वैज्ञानिक आधार नाही.

घेणाऱ्याने मात्र खड्याची परीक्षा नीट करून घ्यावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम कुरुंद बनवण्याची रीत जाहीर केली. असा खडा भिंगाखाली धरला, तर रंगाच्या रेषा कमानीसारख्या वाकलेल्या आणि मधूनमधून वायूचे बुडबुडे दिसतात. नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोन करणारे असतात. कधी रुटाईल या खनिजाच्या रेशमी सुयाही दिसतात. त्या सुया दाट असल्या आणि खडा घुमटाकार घासला, तर त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. बरेच नैसर्गिक खडे रंग खुलवण्यासाठी भट्टीत तापवलेले असतात. म्हणून महागडा खडा घेताना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक’ शब्दाबरोबर तापवल्याची नोंदही वाचावी.

कृत्रिम नीलम रंगहीनही बनवतात. सहसा ओरखडा उमटत नाही म्हणून महागड्या घड्याळांची काच त्याची असते. एलईडी दिव्यांतले प्रकाश देणारे थरही अनेकदा त्याच्याच पातळ चकतीवर वाढवतात.