चेहरा नसलेली आई

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला. ते साधारण दीड वर्षाचे असताना आई झुनैब वारली. तिचा एकही फोटो उरला नव्हता. ती नऊवारी नेसत असे, एवढे मात्र हुसेन सांगत. पुढे त्यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका केली. तिच्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, पण चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे.

ही पोकळी म्हणजे त्यांची शैली, असे बरेचदा म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. शाळकरी वयात चुलत्यांच्या दुकानात बसवल्यावर हिशेबाऐवजी ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढत. ‘सिंहगड’ चित्रपटाचे पोस्टर पाहून तैलरंगाची ओढ लागली, तेव्हा रंगांसाठी त्यांनी शाळेची पुस्तके विकली. चेहरे काढण्यात त्या हाताला अडचण नव्हती. आठवणीत जे नाही, ते कल्पनेने भरायचे त्यांनी नाकारले, असे मी मानतो.

‘एम. एफ. हुसेन की कहानी अपनी जुबानी’ या हिंदी आत्मकथनातही हेच दिसते. ‘अपनी जुबानी’ म्हणणारा हा लेखक पानेच्या पाने स्वतःला ‘मकबूल’ किंवा ‘लडका’ म्हणतो. लहानपणीचा ‘मी’ आज जसाच्या तसा हाती लागत नाही. म्हणून तो त्याच्याकडे थोड्या अंतरावरून पाहतो. चित्रात चेहरा सोडला, गोष्टीत ‘मी’ सोडला. दोन्हींमागचा प्रामाणिकपणा एकच.

हे मला घरच्या अनुभवाने पटले. माझे आजोबा सोलापुरात गिरणी कामगार होते. त्यांचाही फोटो नाही. त्यांचे चित्र काढताना मी आत्याच्या चेहऱ्यावरून त्यांचा चेहरा जुळवला होता. सगळ्यांना आवडला. आत्या तेवढी म्हणाली, “अरे, हे तर माझंच तोंड आहे. दादा कुठंयत यात?”

हुसेन वाचल्यावर मी तो चेहरा पुसला. धोतर, हातातला जेवणाचा डबा आणि भोंगा झाल्यावरची घाईची चाल ठेवली, कारण आत्याने सांगितलेले तेवढेच होते. त्याखाली तिच्याच शब्दांत चार ओळी लिहिल्या. आपण कोण, हे शोधताना आपल्याला काय ठाऊक नाही तेही कागदावर यावे लागते. त्या कोऱ्या जागेपाशी आत्या बराच वेळ थांबली. मग तिने आजवर कधी न सांगितलेली एक आठवण सांगायला सुरुवात केली.