पहिले तीन तास आणि एक स्वस्त इंजेक्शन

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी शरीर बहुधा निभावून नेते. दीड लिटरपर्यंत नाडी धावू लागते, हातपाय गार पडतात, माणूस कासावीस होतो. रक्तदाब मात्र बऱ्याचदा अजून ठीकच दिसतो. तो कोसळतो तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा रक्त गेलेले असते. हे सगळे रक्त डोळ्यांना दिसतेच असेही नाही. मांडीचे हाड मोडले की एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकते. पोटात, छातीत किंवा ओटीपोटाच्या हाडांभोवती त्याहूनही जास्त. वरून फारसा न लागलेला, बोलत असलेला जखमी थोड्या वेळाने अचानक ढासळतो, त्यामागे अनेकदा हाच आतला रक्तस्राव असतो.

रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. ज्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर गेली, तिथे ती हवीच होती. मात्र चर्चा झाली ती बिलाची. बिलाचा प्रश्न रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, रक्त त्याच्या कितीतरी आधीपासून वाहत असते.

बाहेर वाहणाऱ्या रक्तावर पहिला इलाज दाब हाच आहे. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचे आणि सोडायचे नाही. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलले, तर धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते. कापड भिजले तर वर दुसरे ठेवावे. मोठ्या जखमेत हळद किंवा चहापूड भरण्यात जाणारा वेळ जखमीच्या जिवावर बेततो. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टा काठी घालून पिळून आवळतात. हाच टूर्निके. सुतळी किंवा वायर नको. ती मांस कापते आणि खोलवरची धमनी बंद करत नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालय येईपर्यंत पट्टा सैल करू नये.

रुग्णालयातले शास्त्र गेल्या तीस वर्षांत बरेच पालटले. पूर्वी रक्तदाब उतरलेला दिसला की सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढत. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये छातीपोटात गोळी किंवा सुरा लागलेल्या ५९८ जखमींचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेपर्यंत सलाइन रोखून धरलेल्यांतले ७० टक्के जगले, आधीच भरपूर दिलेल्यांतले ६२ टक्के. सलाइनने रक्त पातळ होते, अंग गार पडते, वाढलेल्या दाबाने गुठळ्याही निसटतात. गारठलेले अंग, रक्तातले वाढलेले आम्ल आणि गोठण्याची हरवलेली शक्ती ही तिन्ही एकमेकांना वाढवत जातात. त्यामुळे आता डोक्याला मार नसेल, तर रक्तदाब थोडा कमीच ठेवतात. लाल पेशींबरोबर प्लाझ्मा आणि प्लेटलेटही लगेच देतात, जखमीला ऊब देतात. पहिली शस्त्रक्रियाही रक्त थांबवण्यापुरतीच करतात. बाकीची दुरुस्ती एक-दोन दिवसांनी.

या साऱ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी चर्चेतला उपाय म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. मासिक पाळीच्या अतिस्रावावर देतात ती हीच गोळी, जखमींसाठी मात्र इंजेक्शनच्या रूपात. शरीरात गुठळी बांधणारी यंत्रणा असते, तशी ती विरघळवणारीही असते. मोठ्या आघातानंतर पहिल्या काही तासांत ही दुसरी यंत्रणा भलतीच जोर धरते: एकीकडे बांध घालावा आणि दुसरीकडे तो फोडला जावा, तसे. हे औषध त्या फोडणाऱ्याला अडवते.

ते शोधणाऱ्या डॉ. उताको ओकामोतो यांचे नाव आपल्याकडे वैद्यकीय वर्तुळाबाहेर कोणी घेत नाही, ही खंतावण्याजोगी गोष्ट आहे. महायुद्धाने खचलेल्या जपानमध्ये पती शोसुके यांच्यासह त्यांनी संशोधन सुरू केले. विषय रक्ताचा निवडला, कारण साधने नव्हती आणि रक्त कमी पडले तर स्वतःचे काढता येणार होते. प्रयोगशाळेत त्या तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून काम करत. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. औषध १९६२ मध्ये हाती आले, पण बाळंतिणींवर त्याची चाचणी घ्यायला त्यांना डॉक्टरच मिळेनात.

जखमींवरची मोठी चाचणी व्हायला २०१० उजाडले. लंडनच्या नेतृत्वाखाली भारतासह ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमी तिच्यात सहभागी झाले. मृत्यूचे प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. म्हणजे हजारामागे पंधरा जीव. तासाभरात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर उतरले. तीन तास उलटल्यावर दिले तर मात्र ते ३.१ वरून ४.४ टक्क्यांवर चढले. तोवर शरीराचा कल पालटून गुठळ्या टिकवण्याकडे गेलेला असतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जखमींसाठीच्या अत्यावश्यक औषधांत त्याचा समावेश केला. बाळंतिणींवरच्या चाचणीतही २०१७ मध्ये यश दिसले. उताको त्याच्या आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी वारल्या होत्या.

शंका घेणारेही आहेत. प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, जखमी रुग्णालयात पोचण्याआधीच हे औषध देऊन झालेल्या २०२३ च्या चाचणीत, सहा महिन्यांनी बऱ्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण वाढले नाही. पण २८ दिवसांतले मृत्यू त्या चाचणीतही कमीच होते. आणि जिथे प्लाझ्मा मिळवायला जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, तिथे या आकड्याचे मोल अधिक. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या प्रत्येक गंभीर जखमीच्या कागदावर अपघाताची आणि या इंजेक्शनची, अशा दोन्ही वेळा नोंदल्या जाव्यात. त्यांतले अंतर दरमहा तपासले जावे. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

अर्थात, इंजेक्शन येईपर्यंत जखम दाबून धरणारे कोणीतरी लागतेच. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने अनेकजण पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदाऱ्यांतून मोकळे ठेवते. जखमीला रुग्णालयात पोचवल्यावर स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.