अवघड विषय आणि चांगले गुण : अमेरिकन शाळेतला एक हिशेब

विद्यार्थ्याने सोपे विषय घेऊन वरचे गुण मिळवावेत, की अवघड विषय घेऊन गुण थोडे कमी पडले तरी चालवून घ्यावे? हा प्रश्न अमेरिकेतल्या घराघरांत दरवर्षी पडतो, आणि आपल्या गावातल्या ज्या घरांतील लेकी-जावई, मुलगे-सुना तिकडे राहतात, त्या घरांत तो फोनवरून येऊन पोहोचतो. इकडचे आजोबा नातवाला ‘किती टक्के पडले?’ असे विचारतात आणि उत्तर ऐकून गोंधळतात. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, पगारपत्रकांतले आकडे तपासता तपासता झाले. परंतु हा प्रश्न मुळात कामाचा भार आणि कामाचा दर यांचाच आहे. तेव्हा त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांसही आहे असे आम्ही मानतो.

आधी व्यवस्था पाहू. अमेरिकेतील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे. तेथे आपल्यासारखी एकच बोर्डाची परीक्षा नाही. प्रत्येक विषयाला शाळेतले शिक्षकच श्रेणी देतात. ‘ए’चे चार, ‘बी’चे तीन, ‘सी’चे दोन, ‘डी’चा एक, आणि नापासाला शून्य. या साऱ्यांची सरासरी म्हणजे ‘जी.पी.ए.’. शिवाय काही शाळांत कॉलेजच्या तोडीचे वर्ग असतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे ए.पी. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५ सालापासून ते चालवते. मे महिन्यात त्यांची स्वतंत्र परीक्षा होते आणि तीत एक ते पाच असे गुण मिळतात. हा गुण निराळा आणि शाळेतली श्रेणी निराळी, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता दराचा प्रश्न. जड कामाला जादा दर असावा हे न्याय्यच आहे. म्हणून पुष्कळ शाळा व विद्यापीठे ए.पी.च्या श्रेणीला एक गुण वाढवून देतात. पद्धत सर्वत्र एकसारखी नाही, म्हणून आपण कॅलिफोर्निया विद्यापीठाचीच घेऊ. तेथे मान्य केलेल्या प्रगत विषयात ए, बी किंवा सी मिळाल्यास एक गुण जादा; ‘डी’ला मात्र काही नाही. हा जादा गुण फार तर आठ सत्रांना मिळतो, आणि त्यांतली दहावीची चारच धरतात. वर्षभराचा विषय म्हणजे दोन सत्रे. म्हणजे जादा दर केवळ चार विषयांपुरता. सरासरीत धरतात ते नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे विषय.

एका वर्षाच्या पाच विषयांचा हिशेब मांडून पाहा. पहिल्या मुलीने पाचही साधे विषय घेतले आणि सर्वांत ‘ए’ मिळवला, सरासरी ४. दुसरीने दोन प्रगत विषय घेतले. त्या दोहोंत ‘बी’, उरलेल्या तिन्हींत ‘ए’. जादा गुण धरून तिचीही सरासरी ४. तिसरीने चार प्रगत विषय उचलले. तिघांत ‘सी’ आली, एकात ‘बी’, आणि साध्या विषयात ‘ए’. जादा गुण धरूनही तिची सरासरी ३.४. ओझे सर्वांत मोठे तिचे, आणि सरासरी सर्वांत कमीही तिचीच.

मग पहिली आणि दुसरी सारख्याच का? नाही. अर्ज वाचणारा केवळ सरासरी पाहत नाही. मुलीने कोणते विषय घेतले आणि तिच्या शाळेत कोणते उपलब्ध होते, हेही पाहतो. दुसरीने पेलेल एवढे ओझे उचलले, हे तिच्या बाजूचे आहे. बारावीचे विषय सरासरीत येत नाहीत, तरी अर्जात ते दिसतात. आणि प्रवेश मिळाल्यावर त्यांत ‘डी’ आली तर मिळालेला प्रवेश धोक्यात येतो.

आता भाराविषयी. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप झाला. त्याच्या कारणांत एक कारण हे होते की, दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत असा मालकांचा आग्रह होता. विणकराला विचारा, तो सांगेल : सूत चांगले असेल तर तिसरा माग चालतो, सूत तुटके असेल तर दोनही धड चालत नाहीत. अवघड विषयाचे तसेच आहे. प्रश्न किती विषय घ्यावे हा नव्हे, पाया किती पक्का आहे हा.

याचे उदाहरण लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलचे. ती कष्टकरी, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. बोलिव्हियातून आलेले हायमे एस्कालांते हे शिक्षक तेथे १९७४ पासून गणित शिकवीत होते. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी ए.पी. कलनगणिताच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांवर संशय घेतला; त्यांपैकी १२ जण पुन्हा बसले आणि बाराही जण उत्तीर्ण झाले! १९८८ साली यावर चित्रपट निघाला. पडद्यावर ते एका दमात घडल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती; आधी बीजगणित, मग भूमिती, उन्हाळ्यात जादा वर्ग, आणि मग कलनगणित. कामगाराच्या मुलाला अवघड विषय झेपत नाही असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर आहे. आणि पायरी वगळून वर चढू पाहणाऱ्यांसही.

पण ज्या शाळेत असे वर्गच नाहीत, तेथील मुलाने काय करावे? १९९९ साली इंगलवूड या कॅलिफोर्नियातल्या गावच्या विद्यार्थ्यांच्या वतीने ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ने राज्यावर खटला भरला. तक्रार ही की, श्रीमंत वस्तीतील शाळांत ए.पी. वर्गांची रेलचेल आणि आमच्या शाळेत मोजकेच. जादा दर ठेवायचा आणि ते काम काहींनाच द्यायचे, हा अन्याय कोणत्याही कारखान्यातला माणूस ताबडतोब ओळखील. अर्ज वाचणारे शाळेची परिस्थिती पाहतात हा त्यावर एक उतारा. दुसरा असा की, जवळच्या कम्युनिटी कॉलेजातला मान्य विषय घेतला तर त्यालाही तोच जादा गुण मिळतो. अर्जात नोकरीचा अनुभवही लिहिता येतो. शाळा सुटल्यावर दुकानात काम करून घराला हातभार लावणाऱ्या मुलीने ते लपवू नये.

तेव्हा तिकडून फोन आला तर इकडच्या आजोबांनी ‘किती टक्के?’ याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. या विषयाचा पाया झाला आहे का? तो आवडतो का? आणि तो घेतल्यावर झोपेला, खेळाला वेळ उरतो का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर विषय अवघड म्हणून सोडू नये. एकाचेही ‘नाही’ असेल तर शेजाऱ्याचा मुलगा घेतो म्हणून घेऊ नये. आठ तासांचा दिवस कामगारांनी मोठ्या झगड्याने मिळवला. तो सोळा वर्षांच्या पोराकडून आपण काढून घेऊ नये.