लाटेवरचा पेला, पाड्यावरचा पेला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दारूचा भाव काय, हे मला कुणी विचारावं ही तशी गमतीचीच गोष्ट. मी पीत नाही. आमच्या घरात बाटली कधी आली नाही. धर्मात ती निषिद्ध आहे आणि स्वभावालाही तिची गरज वाटली नाही. पण मी कवी आहे, आणि उर्दू-फारसी शायरी वाचत वाढलेल्या माणसाला मयखाना काही परका नसतो. मात्र त्या मयखान्यात एक मोठी सोय आहे. तिथला साकी कधी पैसे मागत नाही. शेकडो वर्षं शायर पेल्यावर पेले रिचवत आले, पण बिल आल्याचा एकही शेर माझ्या वाचनात नाही. खऱ्या जगात बिल येतं, आणि ते कुणाकडून कसं वसूल होतं हे पाहिलं की त्या समाजाची बरीचशी रचना कळते. म्हणून आज दोन ठिकाणची बिलं सोबत मांडायची आहेत. एक समुद्रातल्या आलिशान बोटीवरचं, आणि दुसरं आमच्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचं.

आधी बोट घेऊ. कोकणी मुसलमानांच्या घरांत बोटीवरची नोकरी ही जुनी गोष्ट. पूर्वी माणसं इंजिनाच्या भट्टीपाशी राबायची, आता मुलं हॉटेलखात्यात जातात. माझा एक भाचा काही वर्षं अशाच एका परदेशी क्रूझ बोटीवर बारमध्ये होता. स्वतः थेंब घेत नाही, पण कुठला पेला कुठल्या मापाचा हे त्याला तोंडपाठ. मी त्याला विचारलं, ‘‘अरे, भर समुद्रात कुठल्या सरकारचा कर नाही. मग दारू स्वस्त असायला हवी ना?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘मामू, कर नाही म्हणून ती कंपनीला स्वस्त पडते. गिऱ्हाइकाला स्वस्त द्यायची, असं कुठं लिहिलंय?’’

त्याच्या या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आलं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाची हद्द. जहाजावर चढणारा माल बहुधा करमुक्त गोदामातून चढतो. बोट बंदरात उभी असताना काही ठिकाणी स्थानिक कर लागतो, पण खुल्या समुद्रात तोही सुटतो. तरीही तिथे एका कॉकटेलला साधारण बारा ते पंधरा डॉलर पडतात. त्यावर अठरा-वीस टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. आपल्या पैशांत हा एक पेला बाराशेपासून पंधराशे रुपयांपर्यंत जातो.

याचं कारण असं, की क्रूझचा धंदा तिकिटावर पुरा होत नाही. तिकीट मुद्दाम आकर्षक ठेवतात आणि माणूस एकदा बोटीवर चढला की कमाई सुरू होते. दारू, जुगार, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरच्या अशा खर्चातून येतो. बोटीवर दुसरं दुकान नाही आणि चालत जाऊन शेजारच्या गल्लीतून आणायची सोय नाही. बहुतेक कंपन्या चढताना माणशी एखादी वाइनची बाटली तेवढी नेऊ देतात. वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली काढून ठेवतात आणि प्रवास संपल्यावर परत करतात.

दुसरी युक्ती आहे कार्डाची. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची चावी असलेलं कार्डच दाखवायचं, सही करायची आणि पेला उचलायचा. आमच्या मुरबाड तालुक्यातलं धसई गाव २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून गाजलं होतं. बोटी त्याच्या कितीतरी आधी कॅशलेस झाल्या, कारण खिशातून नोट गेली की मनाला टोचते, कार्ड दाखवलं की टोचत नाही. टोचतं ते शेवटच्या दिवशी, हिशेबाचा कागद हाती पडल्यावर.

तिसरी युक्ती म्हणजे पॅकेज. रोज साठ-सत्तर डॉलरांपासून शंभरापर्यंत एकरकमी भरा आणि प्या. एका मोठ्या कंपनीच्या पॅकेजवर चोवीस तासांत पंधरा पेल्यांची मर्यादा आहे. पंधरा! पॅकेज बहुधा सगळ्या प्रवासासाठी घ्यावं लागतं आणि खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यायला लावतात. पैसे वसूल व्हायला रोज पाच-सहा पेले तरी रिचवावे लागतात. म्हणजे माणूस तहानेपोटी पीत नाही, वसुलीपोटी पितो. म्हणून काही हुशार प्रवासी माउथवॉशच्या बाटलीत रंग घातलेली जिन भरून आणतात. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला आमच्याकडची गाडीच्या ट्यूबमधून जाणारी हातभट्टी आठवली. बाटली बदलते, माणूस तोच.

आता हे आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजू नका. मुंबई-गोवा मार्गावर २०१८च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि २०२१मध्ये ‘कॉर्डेलिया’च्या सफरी निघाल्या. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या अशा बोटीपासून शहापूर शे-सव्वाशे किलोमीटरही नाही. पण दारूच्या भावाचा आमचा इतिहास या बोटींहून जुना आहे.

आमच्याकडे तो मोहाच्या झाडापासून सुरू होतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा स्वच्छ करतात आणि उजाडताना बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरांत हे फूल भाजून, शिजवून खातात, बियांचं तेल काढतात, आणि फूल आंबवून दारूही गाळतात. देवाला, लग्नाला, मयताला ती लागते. घरची फुलं, घरचं सरपण, घरचं मडकं. तिला भाव नव्हता, कारण ती विकत घ्यायची वस्तूच नव्हती.

तिला भाव दिला तो इंग्रजांनी. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची गाळणी बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांकडे आणि मक्तेदारांकडे नेली. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या भट्ट्यांत गुजरातेतून आलेल्या मोहाची दारू निघे. ती कर भरून ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासीला विकत घ्यावी लागे, आणि त्याच्या दारातल्या झाडाची फुलं मात्र तशीच पडून. तरीही लोक गाळतच राहिले, तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. फूल बाळगण्यावरच बंधन आलं. दारू नव्हे, फूल!

त्याच १८९२ साली शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. आमच्या तालुक्याचं नशीब या एका सालात लिहिलं गेलं, असं मला वाटतं. पाणी गेलं शहराला आणि फुलावर हक्क आला सरकारचा. आजही उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू चांगला होता, पण मोहाचं फूल पुन्हा बंधनातच राहिलं. अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिथल्या श्रीमंतांनी त्यावर तोड काढली. बोटीत बसायचं, हद्दीबाहेर जायचं, पिऊन परत यायचं. कुठल्याच गावाला न जाणाऱ्या अशा सफरी तेव्हा चालत आणि आजच्या क्रूझवरच्या बारची परंपरा बरीचशी तिथून येते. आमच्याकडच्या गरिबाला हद्दीबाहेर नेणारी बोट नव्हती. तो ओढ्याच्या आडोशाला गेला आणि गुन्हेगार ठरला. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली. पण कायदा आजही आहे, आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपये आणि देशीसाठी दोन. परवान्यातसुद्धा देशी-विदेशी भेद आहे बरं का!

मोहफुलांच्या संकलनावरची आणि वाहतुकीवरची बंधनं राज्य सरकारने उठवली ती २०२१ साली. म्हणजे दारातलं फूल बिनधास्त वेचायला जवळपास एकशे तीस वर्षं लागली. दारू गाळायला अर्थातच परवानगी नाही. आणि गंमत पाहा, इथून फार लांब नसलेल्या डहाणूच्या एका कारखान्यात मोहाचीच दारू लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवून अलीकडे बाजारात आली. तिच्या एका खास आवृत्तीच्या बाटलीची किंमत लाखाच्या घरात आहे. तेच झाड, तेच फूल. एकाच्या हातात गेलं की वारसा, दुसऱ्याच्या हातात राहिलं की गुन्हा.

आता आजच्या भावाकडे येऊ. पिण्याच्या दारूला जीएसटी लागत नाही, तिच्यावरचा कर राज्याच्या हातात आहे. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज होता. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड’ दारूला १४८ आणि भारतात बनलेल्या विदेशी दारूला २०५ अशी ठरली.

या आकड्यांना मी रुपयांत मोजत नाही, दिवसात मोजतो. २०२५-२६साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर देशीची बाटली म्हणजे दोन तासांचं काम. विदेशीची बाटली म्हणजे सव्वापाच तासांचं. बोटीवरचा एक पेला म्हणजे चार-पाच दिवस. बोटीवरच्या माणसाला मात्र तो पेला त्याच्या कमाईतल्या एखाद्या तासाचा पडतो. म्हणून आकडा मोठा असूनही बोटीवरची दारू स्वस्त आहे आणि आकडा लहान असूनही पाड्यावरची महाग.

आणि दोन्हीकडची वसुलीची रीत सारखीच. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं आधी उचल घेतात. मग हंगामभर आठवड्याला खर्ची मिळते. उचल, खर्ची, किराणा, दवापाणी सगळं मालकाच्या वहीत चढतं आणि हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. खर्चीच्या दिवशी पुरुषाच्या हातातली नोट गुत्त्यावर जाते. बोटीवर कार्ड, भट्टीवर वही. दोन्हीकडे लिहिणारा दुसराच असतो. फरक इतकाच, की बोटीवरचा माणूस कागद पाहून कपाळाला हात लावतो आणि घरी जातो. भट्टीवरचा माणूस फिटलं नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर जातो. बायको-मुलांसकट.

मग भाव वाढवून दारू सुटते का? सर्वसाधारणपणे महाग झाली की खप कमी होतो, हे खरं. पण जिथे स्वस्त आणि बेकायदा दारू हाताशी असते, तिथे गरीब तिकडे वळतो. ती आता मोहाची राहिलेली नाही. काळा गूळ, नवसागर, आणि लोभ वाढला की त्यात कारखान्यातलं मिथेनॉल. मिथेनॉल घोटभर पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. २००४च्या डिसेंबरात विक्रोळीत आणि २०१५च्या जूनमध्ये मालवणीत हेच घडलं. मालवणीत शंभरावर माणसं गेली. स्वस्त पेल्याचा हा सगळ्यात महाग भाव.

एक हत्यार मात्र लोकांच्या हातात आहे. मतदान घेऊन बाटली आडवी करायची तरतूद राज्यात आहे आणि त्यात गावातल्या स्त्रियांचं मत मोजलं जातं. शिवाय शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावंही येतात. तिथे १९९६च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४च्या नियमांनी मादक पदार्थांबाबत ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. दुकान हवं की नको, हे गाव म्हणू शकतं. मला हे अधिक मोलाचं वाटतं. १८७८पासून दारूवर जे जे कायदे झाले, ते वरून आले. कधी तिजोरीसाठी, कधी नीतीसाठी. झाडाखाली टोपली घेऊन बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही, की तुझ्या घरात हिचा भाव काय पडतो.

तो तिला पक्का माहीत असतो. मिलीलीटरात नव्हे, रुपयांतही नव्हे. शाळेच्या वहीत, तांदळाच्या किलोत आणि रात्रीच्या मारात ती तो मोजते. ग्रामसभेत बोलायची पाळी तिची आहे, आणि ती बोलेल तेव्हा आपण बाकीच्यांनी गप्प बसून ऐकावं, एवढंच मला म्हणायचं आहे.