पिंजऱ्यातली लढत (भाग ६) : टप्पा आणि वेळ

गेल्या आठवड्यात आपण टेकडाउन, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पाडण्याचा डाव, पाहिला. आज उभ्याने होणाऱ्या मारामारीकडे वळू. मिक्स्ड मार्शल आर्ट्सची (एमएमए) लढत पाहताना आपली नजर हातांवर खिळते, आणि मग ठोसा नेमका कुठून आला तेच कळत नाही. पुढची लढत पाहाल तेव्हा एक करून बघा: पहिली फेरी फक्त पायांकडे पाहा. कोण पुढे येतोय, कोण सरकतोय, कोणाचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेर पडतोय. बहुतेक ठोशांची तयारी तिथेच झालेली असते.

कारण साधे आहे. डोळ्यांनी काही टिपून शरीर हलवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. हाताच्या अंतरावरून निघालेला चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) जवळपास तेवढ्याच वेळात नाकावर येऊन आदळतो. म्हणजे एकदा समोरच्याच्या टप्प्यात उभे राहिलात की पाहून चुकवणे जवळजवळ अशक्य. उपाय एकच: अशा अंतरावर राहायचे की मारण्यासाठी त्याला आधी पाऊल टाकावे लागेल. ते पाऊल दिसते, आणि त्या पावलापुरता वेळ आपल्याला मिळतो. उभ्याने लढणारे अंतराचा एवढा ध्यास घेतात तो याच वेळेसाठी.

बॉक्सिंगमध्येही हे आहेच, पण तिथे जाड ग्लोव्हजच्या आड डोके झाकून टप्प्यात उभे राहता येते. एमएमएचे ग्लोव्हज चार औंसांचे, बोटे उघडी. त्यांच्या फटीतून ठोसा आत शिरतो. शिवाय लाथेचा टप्पा ठोशापेक्षा लांब, गुडघ्याचा आणि कोपराचा त्याहून जवळ, आणि कोणत्याही क्षणी समोरचा खाली वाकून पाय धरू शकतो. इतक्या टप्प्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो, म्हणून इथले लढवय्ये बॉक्सरपेक्षा लांब उभे राहतात.

हा हिशेब कसा चालतो हे शिकायचे असेल, तर नोव्हेंबर २०१५ मधली मेलबर्नची रोंडा राउझी विरुद्ध हॉली होम ही लढत पुन्हा पुन्हा पाहावी. स्टेडियममध्ये ५६,२१४ प्रेक्षक होते आणि राउझी तोवर अजिंक्य होती. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकची ज्युदोतली कांस्यपदक विजेती, आधीच्या तीन लढती मिळून ६४ सेकंदांत संपवलेली. तिची रीत ठरलेली: सरळ धावत यायचे, क्लिंचमध्ये, अंगाला भिडून, पकडायचे, फेकायचे, हात मोडायला घ्यायचा. होम बॉक्सिंगची माजी जगज्जेती, आणि डावखुऱ्या पवित्र्यात लढणारी.

पहिल्या फेरीत राउझी आली की होम मागे जात नव्हती, बाजूला जात होती. हा फरक फार मोलाचा आहे. सरळ मागे जाणाऱ्याचा पाठलाग धावत करता येतो, कारण माणूस मागे जाण्यापेक्षा पुढे जास्त वेगाने जातो. बाजूला सरकले की मात्र धावणाऱ्याला थांबून, वळून, पुन्हा निशाणा धरावा लागतो. नेमक्या त्या वळण्याच्या क्षणी होमचा डावा हात सरळ येत होता. आपल्याकडे कबड्डीत मुरलेला कोपरारक्षक चढाईपटू वळेपर्यंत कळ काढतो आणि वळताच घोटा धरतो, तसेच हे. राउझीने पकडीत घेतलेही, पण होम सुटली. फेरी संपली तेव्हा राउझीचा चेहरा लालभडक झाला होता आणि श्वास फुलला होता. दुसऱ्या फेरीत तिचा एक जोरदार ठोसा हवेत गेला, तोल गेला. मग डाव्या हाताच्या माराने ती खाली आली, आणि उठताना होमची डावी लाथ तिच्या मानेवर बसली. फेरीची ५९ सेकंदे झाली होती.

त्या लाथेचीच चित्रफीत सगळीकडे फिरली. मला विचाराल तर ती लढत आधीच्या पाच मिनिटांत जिंकली गेली होती. राउझीला हवे ते अंतर होमने तिला क्वचितच मिळू दिले.

पुढच्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, लास वेगासमध्ये कॉनर मॅकग्रेगरने जोझे आल्डोला १३ सेकंदांत पाडले. आल्डो दहा वर्षे हरला नव्हता. अनेकांना तो नशिबाचा ठोसा वाटला. मला ते मान्य नाही. मॅकग्रेगरचे हात चार इंच लांब, पवित्रा डावखुरा. बाहेरून त्याचा डावा हात लागत असल्याने घाई करण्याची गरज आल्डोला होती. तो उजवा-डावा घेऊन झेपावला. मॅकग्रेगर मागे सरकत होता आणि सरकता सरकताच त्याचा डावा सुटला. त्यात आल्डोच्या झेपेचा वेग मिसळला. आल्डोचा हूकही (बाजूने फिरवलेला ठोसा) पोचला, पण क्षणभर उशिरा, तोवर त्याचे पाय गेले होते. ताकदीवर अचूकता मात करते आणि वेगावर वेळ, असे मॅकग्रेगर नंतर म्हणाला. त्या रात्री तरी ते शब्दशः खरे होते.

समोरच्याला वेळेचा अंदाज चुकवायला लावणे ही याच विद्येची दुसरी बाजू, आणि तिचे मुख्य हत्यार म्हणजे हूल. एमएमएत सगळ्यात परिणामकारक हूल टेकडाउनची. ६ ऑक्टोबर २०१८ ला हबीब नुरमागोमेदोवने मॅकग्रेगरलाच दुसऱ्या फेरीत उजव्या हाताने खाली बसवले. हबीब काही नावाजलेला ठोसेबाज नव्हता. पण तो पाय धरणार ही धास्ती असली की नजर आणि हात खाली ओढले जातात, आणि वरून येणारा हात उशिरा दिसतो.

अँडरसन सिल्वाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. अंतराचा त्याच्याइतका अंदाज असलेला दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनला त्याने मागे जाता जाता एका साध्या जॅबने आडवे केले. यूएफसी या एमएमए संघटनेत सलग १६ विजय. ६ जुलै २०१३ ला क्रिस वायडमनसमोर तो हात खाली सोडून, कंबरेतून मागे झुकत ठोसे चुकवत होता. वायडमनचा उजवा आला, सिल्वा झुकला. एरवी पुढचा ठोसा डाव्या हाताचा यायचा. वायडमनने तोच उजवा हात उलटा फिरवला. सिल्वा आणखी झुकला. आता कंबर संपली होती, पाय जागच्या जागी होते, आणि तेव्हा डावा हूक आला. कंबरेतून मिळणारे अंतर एकदाच खर्च करता येते. पावलाने मिळवलेले अंतर पुढच्या पावलाला पुन्हा मिळवता येते.

पण तेही पिंजऱ्यात जागा आहे तोवरच. यूएफसीचा मोठा ऑक्टॅगॉन (आठ बाजूंचा पिंजरा) ३० फूट रुंद, छोटा २५. पाठ जाळीला टेकली की मागचे पाऊल नाही, आणि बाजूला निसटायच्या वाटाही समोरचा बंद करत आणतो. त्या वाटा कशा बंद होतात आणि जाणकार लढवय्या त्यातून कसा सुटतो, ते पुढच्या भागात.