पाठांतर नको, सोंग घेऊ द्या

जानेवारी उजाडला की आपल्या गावोगावच्या मराठी शाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. मंडपवाला ठरतो, माइक येतो, भाड्याचे पोशाख येतात. तिसरीतला एखादा मुलगा शिवाजी महाराज होतो, चौथीतली मुलगी जिजाऊ होते, आणि ज्यांच्या वाट्याला काहीच आले नाही ती पोरे मावळे म्हणून मागे रांगेत उभी राहतात. पालक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात, आणि आपण शिक्षक मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतो. पण त्या रात्री त्या मुलांना नेमके काय मिळाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारला नव्हता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी चौथीतल्या एका मुलीला जिजाऊंची भूमिका दिली होती. दीड पानाचे भाषण मीच लिहिले होते. अगदी शुद्ध आणि अलंकारिक. महिनाभर तिने ते घोकले. तालमीत एक शब्द चुकत नसे. प्रत्यक्ष कार्यक्रमात तिसऱ्या वाक्याला माइक किंचाळला, ती थबकली, आणि पुढचे वाक्य गेले ते गेलेच. मी विंगेतून पुटपुटत होतो, ते तिला ऐकू येत नव्हते. ती रडत तशीच उभी राहिली. शेवटी पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, ''अगं, समोर शिवबा होता ना? त्याच्याशी चार शब्द पदरचे बोलायचे होतेस.'' ती म्हणाली, ''सर, शिवबा कुठं होता? मी तर माइककडंच बघत होतो.''

आपल्याकडच्या मुली 'जातो', 'येतो', 'बघत होतो' असेच बोलतात, हे वाचकांना सांगायला नको. पण तिच्या त्या एका वाक्याने माझी चूक मला दाखवली. मी तिला शब्द दिले होते, माणूस दिला नव्हता. जिजाऊ कोण, तिला त्या घडीला काय हवे आहे, समोरच्या पोराकडे ती कशी पाहत असेल, यातले काहीही त्या मुलीला ठाऊक नव्हते. शब्द हरवले तेव्हा तिच्या हाती धरायला दुसरे काही उरले नाही.

आपली परंपरा पाठांतराची नव्हे

मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ सालापासून धरतो. त्या वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्याआधी कानडी भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, आणि तसे काही मराठीत करा, असे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना सुचवले होते. म्हणजे मराठी नाटकाच्या पाळण्याची एक दोरी कानडी मुलखातच बांधलेली आहे. भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार म्हणे, आणि पात्रे आपली गद्य भाषणे बरीचशी आयत्या वेळी, प्रसंग पाहून करीत. पात्र अंगात भिनलेले असेल तर शब्द सुचतात, हे त्या नटांना माहीत होते. पुढे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाला आकार दिला. आजही आपल्या भागात यात्रेला नाटक असते, सोंगी भजन असते. सोंग घेणे म्हणजे काय, हे इथल्या पोरांना शिकवावे लागत नाही. त्यांनी ते ओट्यावर बसून पाहिलेले असते.

लहान मुलांसाठी याच गोष्टीचा शिक्षणशास्त्रीय विचार पाश्चात्त्य देशांत झाला. अमेरिकेत विनिफ्रेड वॉर्ड या शिक्षिकेचे त्यावरचे पुस्तक १९३० साली निघाले, तर इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांचे १९५४ साली. दोघांचा सूर असा, की लहान मुलाने नाटक करायचे ते प्रेक्षकांसाठी नव्हे, स्वतःसाठी. मराठीत सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्याला अनेक सुंदर संहिता दिल्या. मुलांनी पाहावे असे नाटक त्यामुळे मराठीत उभे राहिले. पण वर्गात, बाके भिंतीला सरकवून, पडदा, रंग, पोशाख यांवाचून मुलांनी आपल्यापुरते करायचे नाटक ही गोष्ट वेगळी. तिला आपण नाट्यखेळ म्हणू. तो आपल्या शाळांतून फारसा रुजला नाही.

चाळीस मिनिटांचा तास

गेली काही वर्षे मी पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर आठवड्यातून एक तास हा खेळ घेतो. त्याची रीत सोपी आहे, कोणाही शिक्षकाला जमेल.

सुरुवात चालण्यापासून. मुले वर्गभर फिरतात. मी फक्त सांगत जातो : डोक्यावर भरलेली घागर आहे. आता घागर रिकामी झाली. आता लावणीच्या चिखलातून जायचे आहे. आता दुपारची वेळ, डांबरी रस्ता, पाय अनवाणी. घरात आजोबा आजारी आहेत, त्यांना जाग येऊ द्यायची नाही. पाच मिनिटांत वर्गाचे रूप पालटते. भरल्या घागरीखाली मान ताठ होते, हे मुलांच्या शरीराला आधी कळते, तोंडाला मागाहून. माणूस उभा करायचा तर तो आधी पायांत आणि पाठीत उभा करावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे नसलेल्या वस्तू हाताळणे. आपल्या पश्चिम भागातल्या मुलांना रताळी काढायला लावा. वेल बाजूला करणे, माती उकरणे, रताळे न तुटता ओढणे, पोते भरणे. एकदा एका मुलाने भरलेले पोते सहज उचलले, तर शेजारची मुलगी म्हणाली, ''अरे, त्यात रताळी हाईत, कापूस न्हाई.'' असा परीक्षक मला कोठून मिळणार?

मग माणूस. इथे मी चार प्रश्न विचारतो. तू कोण? आत्ता कुठून आलास? तुला काय हवे आहे? आणि ते मिळण्याच्या आड काय येते आहे? बाजारात रताळी घेऊन आलेला शेतकरी. पहाटे निघून आला. भाव चांगला हवा. आड काय येते? अडत्या म्हणतो माल ओला आहे, आणि परतीची गाडी सुटायला आली आहे. एवढे ठरले की संवाद लिहून द्यावे लागत नाहीत. शेतकरी, अडत्या, हमाल आणि बापाबरोबर आलेले, भज्यांसाठी हट्ट करणारे पोर, चौघे मिळून दहा मिनिटे बोलत राहतात.

चौथी पायरी खुर्चीची. एक मूल पात्र होऊन खुर्चीत बसते आणि बाकीची त्याला प्रश्न विचारतात. हमाल झालेल्या एका अबोल मुलाला कोणीतरी विचारले, ''दिवसात सगळ्यात बरं कधी वाटतं?'' तो म्हणाला, ''पोतं खाली टाकलं की. खरं लगेच दुसरं असतंय.'' तो मुलगा दोन वर्षांत वर्गात इतके सलग बोललेला मला आठवत नाही. स्वतःचे नाव घेऊन बोलायला जे मूल बिचकते, ते दुसऱ्याचे नाव घेतले की मोकळे होते. या खेळाची खरी किल्ली हीच आहे.

शेवटी सोंग उतरवायचे. सर्वांनी अंग झटकायचे, आपापले नाव मोठ्याने सांगायचे आणि जागेवर बसायचे. ही पायरी कधीही गाळू नये. का, ते सांगतो.

नक्कल आणि भूमिका

सुरुवातीच्या काळात एकदा मी म्हटले, ''गावातला कोणताही माणूस करून दाखवा.'' दोन पोरांनी दारुड्या केला. झोकांड्या, शिव्या, पडणे. वर्ग हसून लोळला. मीही हसलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी परत आला नाही. त्याच्या घरची स्थिती मला ठाऊक होती, तरी त्या क्षणी ती माझ्या लक्षात आली नाही. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तो पुन्हा खेळात उतरायला पाच-सहा महिने लागले.

त्यातून मी दोन नियम केले. गावातला ओळखू येईल असा माणूस करायचा नाही. आणि ज्याला आपण करतो त्याला काय हवे आहे, हे सांगता आल्याशिवाय त्याचे सोंग घ्यायचे नाही. नक्कल बाहेरून होते; लंगडणे, बोबडेपणा, बोलण्याची ढब एवढीच ती उचलते. भूमिका आतून होते. नक्कल करणारा मोठा होतो आणि ज्याची नक्कल होते तो लहान होतो. भूमिकेत हा हिशेब उरत नाही.

हा नियम आपल्या सीमाभागात किती मोलाचा आहे, ते मला एका बसच्या खेळाने दाखवले. संध्याकाळची मुक्कामी गाडी, गर्दी, आणि कंडक्टर. कंडक्टर झालेल्या मुलाने मोडक्या कानडीत आरडाओरडा केला, म्हातारीला ढकलले, सुटे पैसे नाहीत म्हणून मुलाला खाली उतरवले. सगळे हसले. मी त्याला खुर्चीत बसवले. मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर कुठे? ''गदगकडं.'' घरी शेवटचे कधी गेलास? तो थोडा थांबला, मग म्हणाला, ''दिवाळीत.'' जेवलास काय? ''न्हाई, शेवटच्या ट्रिपनंतर.'' मुली कितवीत आहेत, हेही त्याने सांगितले. त्या मुली कोठून आल्या, ते मला माहीत नाही. आम्ही ठरवल्या नव्हत्या.

मग तोच प्रसंग पुन्हा केला. कंडक्टर तसाच दमलेला, तसाच चिडका. पण गाडी हलता हलता मागून म्हातारी धावत आली तेव्हा त्याने घंटी मारली आणि ओरडला, ''अज्जी, लगू बर्री!'' म्हातारी झालेली मुलगी चढता चढता म्हणाली, ''येतो रे बाबा, गुडघं दुखतंय.'' त्याचे कानडी आणि तिचे मराठी, दोघांनाही एकमेकांचे कळत होते. यावेळी कोणी हसले नाही.

आपल्या भाषेच्या हक्कासाठी मी वर्षानुवर्षे समितीच्या बैठकांना बसलो आहे, निवेदनांवर सह्या केल्या आहेत, पुढेही करीन. पण आपली भाषा जपणे म्हणजे समोरच्या माणसाला माणूस म्हणून न पाहणे नव्हे. आठ वर्षांच्या मुलाला हे भाषणाने कळत नाही, खुर्चीत बसून कळते. कानडी मुलांसाठीही असे काम होत आले आहे. १९८९ साली सुरू झालेल्या म्हैसूरच्या रंगायणात उन्हाळी सुटीत मुलांचा 'चिण्णर मेळा' भरतो. त्यापासून शिकण्यात आपल्याला कमीपणा नाही.

मग प्रमाण मराठीचे काय?

शाळेच्या समितीत मी हे मांडले तेव्हा एका पालकाने स्पष्ट विचारले, ''मास्तर, पोरगं घरात जसं बोलतंय तसंच शाळेत बोलणार, तर शाळेत घालायचं कशाला? त्यापेक्षा इंग्रजीत घालतो.'' प्रश्न खरा आहे. पट कशाने कमी होतो, हे आपण सर्वजण जाणतो.

माझे उत्तर असे. घरच्या बोलीत ज्याला मोकळे बोलता येते, त्याच्या ओठांवर प्रमाण भाषा लवकर बसते. ज्याचे प्रत्येक वाक्य आपण मध्येच सुधारतो तो बोलणेच सोडतो. शिवाय प्रमाण भाषाही सोंगातूनच आणता येते. रताळ्याच्या बाजारात एक आकाशवाणीचा वार्ताहर पाठवा. बँकेत कर्ज मागायला शेतकरी जातो, तिथे साहेब बसवा. त्या माणसांच्या तोंडी 'करूलालोय' शोभत नाही, हे मुलांना आपोआप कळते, आणि तीच मुले घरी जाऊन बातम्या ऐकू लागतात. वार्ताहर होण्यासाठी भांडणे होतात, हे मी पाहिले आहे. भाषा बदलली ती माणूस बदलला म्हणून. मास्तरांनी डोळे वटारले म्हणून नव्हे.

या खेळाने शाळेचा पट दुप्पट होईल, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगेन, की त्या पालकाला मी एका शुक्रवारी वर्गात येऊन बसायला सांगितले. त्याची मुलगी त्या दिवशी अडत्या झाली होती. भाव पाडून मागत होती. बाप म्हणून त्याला राहवेना. मागून तो शेतकऱ्याच्या बाजूने बोलू लागला आणि सगळ्या वर्गाने त्याला आत ओढले. तास संपल्यावर नियमाप्रमाणे त्यालाही अंग झटकून आपले नाव सांगावे लागले.

येत्या संमेलनात शिवबा आणि जिजाऊ जरूर असोत. फक्त भाषण लिहून देण्याआधी त्या दोन मुलांना चार दिवस एकमेकांशी आपल्या शब्दांत बोलू द्या. मग माइक किंचाळला तरी समोर शिवबा असेल.

ती चौथीतली मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या यात्रेत भेटली, तेव्हा मी तिला तो प्रसंग आठवतो का विचारले. ती हसून म्हणाली, ''भाषण पाठ हाय अजून, सर.''